ओबद्याने नोकरी का सोडली नाही?
इथे एका भाऊंनी लिहिलंय की दुष्ट राजाची चाकरी करणारा त्याच्या पापात भागीदार, बायबलमधल्या दानीएलाने बाबेलच्या राजाचा राजवाडा सोडायला हवा होता. अहो, दानीएल बंदिवान होता, जाणार कुठे?

त्यापेक्षा बायबलमधलाच ओबद्या बघा. इस्राएलचा दुष्ट राजा अहाब, त्याच्या घरचा कारभारी. अहाबाची राणी ईजबेल देवाच्या संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने १०० जणांना पन्नास-पन्नास करून गुहेत लपवलं, भाकरी-पाणी पुरवलं. पुढे तर दुष्काळ इतका कडक पडला की राजाच्या घोड्या-खेचरांसाठी चारा शोधत तो रानोमाळ फिरत होता. शिंदखेड्याकडच्या माणसाला चाऱ्याची वणवण काय ते सांगायला नको. तेही काम त्याने टाळलं नाही. (अहाब ज्याला शोधत होता तो संदेष्टा एलीया भेटल्यावर मात्र घाबरला, अहाब मला मारून टाकेल म्हणाला. वीर वगैरे नव्हता.)

दानीएल तर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नाचा अर्थ कळल्यावर सुन्न झाला, यरुशलेम उद्ध्वस्त करणाऱ्या राजाचं वाईट होणार म्हणून! तरी 'पाप सोडा, गरिबांवर दया करा' हे तोंडावर सांगितलंच.

आमच्या धुळ्याच्या मंडळीतले (चर्चमधले) एक दादा कचेरीत कारकून आहेत. साहेबांना रोज नमस्कार, काम वेळेत. खोट्या हजेरीपटावर सही मागितली तेव्हा 'साहेब, एवढं नाही जमणार' म्हणत पेन खाली ठेवलं. बदली झाली, निमूट गेले. साहेबांची निंदा त्यांच्या तोंडून अजून ऐकली नाही.

भाऊंचा मुद्दा अगदीच फेटाळत नाही. तसली सही हेच रोजचं काम असेल, तर मात्र नोकरी सोडावी लागेल.