'अबाशिरी बानगाइची': ज्याला पळायचंच नाही, त्याचा जेलब्रेकपट

निशाचर
(कथा पुढे उघड केली आहे, ज्यांना आधी बघायचा असेल त्यांनी थांबावं.)

तेरुओ इशिईचा 'अबाशिरी बानगाइची' हा तोएई या जपानी चित्रपट कंपनीचा 1965 सालचा कृष्णधवल चित्रपट. जपानात इतका चालला की 1972 पर्यंत मालिकेत 18 चित्रपट निघाले, त्यातले पहिले 10 खुद्द इशिईचे. आपल्याकडे मात्र त्याचं नाव क्वचितच निघतं. माझं मत सरळ सांगतो: तुरुंगातून पळण्यावरचा याहून जीव टांगणीला लावणारा चित्रपट मी पाहिलेला नाही, आणि त्याचं कारण म्हणजे नायकाला पळायचंच नाहीये.

ताचिबाना (केन ताकाकुरा) जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या अबाशिरी तुरुंगात आहे. आई आजारी, शिक्षा संपत आलेली, आणि त्सुमाकी नावाचा भला अधिकारी (तेत्सुरो ताम्बा) त्याच्या पॅरोलसाठी धडपडतोय. पण बाहेरच्या कामावर नेताना त्याचा हात गोंदा नावाच्या कैद्याशी साखळीने जखडलेला असतो. कैदी ट्रकमधून उड्या मारतात, गोंदाही मारतो, आणि ताचिबाना बर्फात फरफटत जातो. त्या उडीबरोबर त्याचा पॅरोल गेला! पुढे प्रत्येक पावलाला त्याचं नुकसान वाढत जातं आणि थांबायची सोय नाही. गोंदा घरात घुसून एका बाईला जखमी करतो, ती नेमकी त्सुमाकीची बायको निघते. मग त्सुमाकी बंदूक घेऊन मागे लागतो.

साखळी तोडायचा प्रसंग तर बघाच. रुळावर साखळी आडवी टाकून दोघं दोन बाजूंना पडून राहतात आणि आगगाडीची वाट बघतात. इशिई घाई करत नाही. बर्फ, रूळ, दोन चेहरे, बस्स.

टोकदार
असहमत. साखळीने बांधलेले दोन कैदी ही कल्पना स्टॅन्ली क्रेमरच्या 'द डिफायंट वन्स'ने (1958) सात वर्षं आधी वापरली होती. तिथे एक गोरा, एक काळा, त्यामुळे साखळीला अमेरिकेच्या इतिहासाचं वजन होतं. इथे एक चांगला कैदी आणि एक वाईट कैदी. संपला विषय.

माझा खरा आक्षेप शेवटाला आहे. गोंदा जखमी होऊन आईला हाका मारतो, ताचिबाना परत फिरतो, त्सुमाकी बंदूक खाली ठेवतो, सगळे मिळून जखमीला घेऊन निघतात. म्हणजे सरकारी माणूस देवमाणूस, आणि नायक गुणी कैदी. जेलब्रेकपट बघून तुरुंगाबद्दल एकही प्रश्न पडू नये?

सादाओ नाकाजिमाचा 'दात्सुगोकु हिरोशिमा सात्सुजिनश्यू' (1974) बघा. हाही तोएईचाच. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातला खुनी (हिरोकी मात्सुकाता), शिक्षा 20 वर्षांची. तो पळतो, पकडला जातो, पुन्हा पळतो. शिक्षा वाढत वाढत 41 वर्षांच्या वर जाते, तरी पळतो. त्याला आजारी आईचं निमित्त लागत नाही. आत राहायचं नाही, एवढंच कारण. जेलब्रेकपट याला म्हणतात.

कृष्णाकाठची
टोकदार यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पण नाकाजिमाच्या नायकाशी माझी नाळ जुळत नाही. आम्ही सांगलीचे. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, दादांना गोळी लागली, ही गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. तुरुंग फोडण्यामागे काहीतरी मोठं असावं, ही अपेक्षा मनातून जात नाही. नुसता अंगातल्या रगेपायी पळणारा खुनी मी दोन तास का बघावा?

त्यापेक्षा ताचिबाना जवळचा वाटला. त्याच्या लहानपणीचे प्रसंग, सावत्र बाप, मुकाट सोसणारी आई, हे सगळं ओळखीचं होतं.

जुना तिकीटवाला
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निसटतेय. अबाशिरी हा तुरुंग इशिईने कल्पनेतून उभा केलेला नाही. 1890 साली तिथे कैदी आणले, आणि 1891 मध्ये त्यांच्याकडून होक्काइदोच्या आतल्या भागात जाणारा रस्ता अवघ्या काही महिन्यांत करवून घेतला. दोनशेहून जास्त कैदी त्यात मेले. वाटेत मेलेल्यांना जिथे पुरलं तिथे साखळ्या सापडल्या, म्हणून कितामी शहराजवळच्या त्या मातीच्या ढिगांना साखळ्यांचे ढीग म्हणतात. हे माहीत झाल्यावर रुळावरची ती साखळी मला पूर्वीसारखी बघवत नाही.

आणि पळण्याचंच म्हणाल तर योशिए शिरातोरी हा खरा माणूस घ्या. आओमोरी 1936, आकिता 1942, अबाशिरी 1944, साप्पोरो 1947, असे चार तुरुंग त्याने फोडले. अबाशिरीत त्याने जेवणातलं मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं, खारट) लोखंडावर रोज टाकून ते गंजवलं, असं सांगतात. आज तिथल्या तुरुंग-संग्रहालयात छताच्या तुळयांवर चढणारा त्याचा पुतळा आहे.

टोकदार
माझ्याच मुद्द्याला बळ दिलंत! ज्या जागेच्या पायाखाली एवढे मृत्यू आहेत, तिथे इशिईला दयाळू अधिकारीच दिसावा?

निशाचर
टोकदार, 'द डिफायंट वन्स'चं ऋण मान्य, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अधिकारी चांगला दाखवला म्हणजे तुरुंग चांगला दाखवला, हे पटत नाही. शांताराम बापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मध्येही जेलर कैद्यांवर विश्वास टाकतो. त्यातून एक माणूस मोठा दिसतो आणि बाकीची व्यवस्था किती कोती आहे तेही दिसतं. त्सुमाकी पॅरोलसाठी झगडतो कोणाशी? स्वतःच्याच खात्याशी ना?

शिवाय आतले प्रसंग विसरू नका. कोठडीतला दादा योदा, कुप्रसिद्ध ओनितोराचा मानलेला भाऊ म्हणून सगळ्यांवर जरब बसवतो. आणि कोपऱ्यात गप्प बसणारा म्हातारा (कान्जुरो अराशी) हाच खरा ओनितोरा निघतो. तो आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, नुसती ओळख देतो आणि योदाचा चेहरा पडतो. तुरुंगात सत्ता गजांपेक्षा माणसांच्या भीतीतून चालते, हे इशिईने त्या एका प्रसंगात दाखवलंय. प्रश्न पडायला आणखी काय हवं?

टोकदार
म्हाताऱ्याचा प्रसंग अव्वल, मान्य. पण त्यानेच आतला पळून जायचा बेत मोडला, हेही लिहा. चित्रपटातला सगळ्यात दबदब्याचा कैदी बंड होऊ देत नाही. मला खुपतं ते हेच.

कृष्णाकाठची
मला उलट वाटतं. त्याने ताचिबानाला वाचवलं. ज्याचे थोडेच महिने राहिलेत त्या पोराला इतरांच्या बेतापायी अडकू द्यायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. जन्मभर आत राहिलेल्या माणसालाच ते कळणार.