फोमने बास आवरत नाही
स्पीकरवर ऐकायच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत चारही भिंतींना इंचभर फोम लावायचा आणि उंच टॉवर स्पीकर ठेवायचे, असा बेत असेल तर तो सोडा. एवढा पातळ फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी (बारीक, तीक्ष्ण आवाज) खातो; आवाज मेल्यासारखा होतो आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, तसाच घुमत राहतो. १२ फूट लांबीत पहिला घुमारा (भिंतींमध्ये आपटून फुगणारा बास) साधारण ४७ हर्ट्झला येतो. त्यासाठी कोपऱ्यांत किमान ४ इंच जाड रॉकवूल (दगडी तंतूंची, आवाज शोषणारी लादी), कापडात गुंडाळून, थेट छतापर्यंत. टॉवर कशाला? छोटे बुकशेल्फ स्पीकर पुरेत, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे (फक्त बास वाजवणारा स्पीकर). सबवूफर तात्पुरता तुमच्या ऐकायच्या खुर्चीवर ठेवून बास असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा (हसतील घरचे, हसू द्या). बास जिथे एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर. खुर्ची मात्र लांबीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे ते ४७ हर्ट्झ जवळजवळ गायब होतात.