दुखणे थांबलेल्या दाढेला रूट कॅनाल कशासाठी?

प्रश्न

गेल्या महिन्यात उजवीकडच्या खालच्या दाढेने मला सलग चार रात्री झोपू दिले नाही. दिवसा थंड पाणी लागले की कळ यायची आणि मिनिटभर तरी रेंगाळायची. रात्री उशीला डोके टेकले की ठणका सुरू व्हायचा आणि उठून बसलो की थोडा उतरायचा. पाचव्या दिवशी सगळे आपोआप थांबले. आता त्या दाढेला थंड-गरम काहीच जाणवत नाही आणि चावतानाही त्रास नाही. तरीही दंतवैद्यांनी एक्स-रे पाहून रूट कॅनाल आणि त्यावर कॅप सुचवली आहे, शिवाय सगळ्या दातांचे स्केलिंगही, म्हणजे दातांवरचे किटण खरवडून काढणे, करून घ्यायला सांगितले आहे. जी दाढ दुखतच नाही, तिची नस काढायची कशाला? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती सरळ उपटून टाकली तर काय बिघडेल? स्केलिंगने दात सैल होतात, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे ठाम मत आहे, त्यामुळे तिथेही मन धजावत नाही. मी दिवसातून तीनदा कडक ब्रशने जोर लावून दात घासतो, तरी ही वेळ माझ्यावर का यावी, हेच समजत नाही.

उत्तर १

मी दंतवैद्य आहे. तुमची दाढ मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान तुमच्या डॉक्टरांचेच खरे. पण तुम्ही सांगितलेला घटनाक्रम आमच्या खुर्चीत रोज बसतो.

दाताच्या पोटात जी नस म्हणतात, ती एकच नस नसून रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती यांचा गुच्छ असतो. शरीरात इतरत्र दाह झाला की ती जागा सुजते. इथे मात्र चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजायला जागाच नसते आणि सगळा दाब आतल्या आत वाढतो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका अधिक. थंडाची कळ क्षणात ओसरत असेल तर नस बहुधा सावरू शकते आणि कीड काढून सिमेंट भरल्यानेही भागते; कळ रेंगाळू लागली, काही न लागताही ठणकू लागले, की ती सावरण्याची शक्यता जवळपास संपलेली असते. आणि मग एके दिवशी दुखणे थांबते, ते बहुतेकदा नस मेल्यामुळे. तुमच्या दाढेला आता थंडही कळत नाही, हा मला त्याचाच पुरावा वाटतो.

मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोहोचत नाही, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशीही पोहोचत नाहीत आणि गोळ्यांमधले औषधही पुरेसे पोहोचत नाही. जंतूंना मात्र ती पोकळी आयती मिळते. तिथून ते मुळाच्या टोकाबाहेर पडतात, भोवतालचे हाड हळूहळू विरघळते आणि एक्स-रेमध्ये तिथे काळसर डाग दिसू लागतो. हे सगळे कित्येक महिने मुकाट्याने चालू शकते आणि एखाद्या रात्री गालावर सूज घेऊन वर येते.

रूट कॅनालमध्ये ही पोकळी मोकळी करून साफ करतात. खालच्या पहिल्या दाढेला सहसा २ मुळे आणि ३ कालवे असतात, कधी ४ निघतात. फाइल म्हणतात त्या कानशीसारख्या बारीक सुयांनी ते कालवे रुंद करतात, जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात आणि गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. एक व्यावहारिक गोष्टही सांगते: ठणका ऐन जोरात असताना खालच्या दाढेला भूल नीट चढत नाही. दाढ शांत आहे, तोवरच हे काम उरकणे रुग्णाला आणि आम्हालाही सुखाचे जाते.

उत्तर २

दाढ काढावी की ठेवावी, याबद्दल स्वतःच्या चुकीवरून लिहिते. माझे रूट कॅनाल उत्तम झाले होते, दुखणेही पूर्ण थांबले होते, म्हणून कॅप पुढे बघू असे म्हणत मी ती टाळली. आठ महिन्यांनी एका रात्री जेवताना कट्कन आवाज आला आणि दाढ मधोमध उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेल्यामुळे ती काढावीच लागली. किडीने आणि उपचाराने मिळून दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात, चावण्याचा सगळा भार त्याच भिंतींवर येतो आणि कॅप त्यांना बाहेरून घट्ट धरून ठेवते, हे मला तेव्हा कळले. पुढच्या दातांना दर वेळी कॅप लागतेच असे नाही, पण दाढेच्या बाबतीत चालढकल करू नका.

काढून टाकण्याचे म्हणाल, तर ते काम काही मिनिटांचे असते; त्यानंतरचे मात्र लांबते. मोकळ्या जागेकडे मागची दाढ कलू लागते, समोरची वरची दाढ खाली उतरू लागते आणि रिकाम्या जागचे हाड झिजत जाते. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा कृत्रिम दात, बसवायचा तर ते शेजारचे धड दात घासून बारीक करावे लागतात, इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा दात, बसवायचे तर हाड पुरेसे आहे का येथपासून सुरुवात. ज्या दाढेत वाचवण्याजोगे काही उरलेलेच नाही ती काढावी, हे मान्य. तुमच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सुचवले आहे, त्याअर्थी तुमची अजून त्या थराला गेलेली दिसत नाही.

उत्तर ३

स्केलिंगविषयीचा समज बहुतेक घरांत असतो आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दातांवरचा चिकट थर वेळच्या वेळी निघाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो आणि त्याचे किटण बनते. किटण झाल्यावर ते ब्रशने निघत नाही. वर्षानुवर्षांच्या किटणाखाली हिरडी आणि हाड खाली सरकलेले असते. किटण निघाल्यावर फटी दिसतात, दात काही दिवस शिवशिवतात, क्वचित हलल्यासारखेही वाटतात, आणि दोष स्केलिंगच्या माथी बसतो. आधार आधीच गेलेला होता, किटणाने तो झाकून ठेवला होता. घासताना रक्त येते म्हणून ती जागा घासायची सोडून देणे हीदेखील तशीच उलटी समजूत आहे. बहुतेक वेळा तिथे थर साचलेला असतो आणि नीट साफ केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबते. तसे थांबले नाही तर दाखवावे.

आता तुमच्या ब्रशबद्दल. तो हातात घेऊन वरून पाहा. केस बाहेरच्या बाजूला फाकलेले असतील, तर तुम्ही दात घासत नसून रगडत आहात. त्याने हिरड्यांजवळ खाचा पडतात आणि जिथे कीड लागते ती दोन दातांमधली जागा तशीच राहते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने २ मिनिटे, दिवसातून दोनदा पुरे. त्यातली रात्रीची वेळ कधी चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असावे, आणि शेवटी खळखळून चूळ न भरता नुसते थुंकावे, म्हणजे ते दातांवर टिकते. आंबट काही खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबावे. दातांच्या फटींसाठी दोरा किंवा बारीक ब्रश हवाच.

प्रश्नकर्ता

ब्रश पाहिला. केस खरोखर चहूकडे फाकले आहेत. रूट कॅनालसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. तोपर्यंत घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात का?

उत्तर १

नको. वर लिहिल्याप्रमाणे ते औषध मेलेल्या नसेपर्यंत पोहोचणारच नाही, आणि उरलेल्या गोळ्यांचा अर्धवट डोस तर मुळीच घेऊ नये. मात्र तोवर गालाला सूज आली, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधे चालू असतील, तर ती स्वतःहून बंद न करता दंतवैद्यांना आधी सांगा; मधुमेह असल्यास तेही सांगा. उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना दाढ हुळहुळी लागेल, त्याने घाबरू नका, आणि कॅपची तारीख त्याच दिवशी ठरवून या.