उत्तर: उत्तर: जॅस्पर – मटकी टांगायची कुठे?

प्रेषक: सुलभा (सध्या कोथरूड)
मंडळी, 28 माणसांची मिसळ आहे. मटकी भिजवून फडक्यात बांधून रात्रभर टांगावी लागणार. आणि बुकिंगच्या मेलमध्ये कॅनडातल्या जॅस्पर नॅशनल पार्कमधली, व्हिसलर्स कॅम्पग्राउंडची आपली तंबूची जागा 'बेअर कॅम्पसाइट' असल्याचं लिहिलंय. अहो, अस्वलांची जागा मुद्दाम कोणी घेतली? मी परवा निघतेय. आजच कळवा.

प्रेषक: श्रीपाद
वहिनी, अस्वलवालं बेअर (bear) नाही, उघडंबोडकंवालं (bare). मराठीत लिहिलं की दोन्ही सारखंच! म्हणजे आपण जागेवर नसताना आणि रात्री झोपताना बाहेर खाण्यापिण्याचं किंवा वासाचं काही ठेवायचं नाही. कूलर, शेगडी, खरकटी भांडी, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा. सगळं डिकीत किंवा लॉकरमध्ये, तंबूत तर मुळीच नाही. आणि टांगायला तिथे झाडं कुठे उरलीत? पाइन बीटल किड्यांनी वाळवलेली आधी तोडली, मग 2024 चा वणवा. मागच्या खेपेचा झाऱ्याचा प्रकार पुन्हा नको.

प्रेषक: अनघा
झारा माझा होता आणि धुतलेला होता. हे एकदाचं लिहून ठेवा. श्रीपाद, तू तंबू बघ, मटकीचं स्वयंपाकवाले बघतील. सुलभाताई, डिकीत ठेवली तरी तिथल्या रात्रीच्या गारठ्यात मोड येणार नाहीत.

प्रेषक: भाऊकाका (सदाशिव पेठ)
मोडांना ऊब लागते. आमच्याकडे पुरचुंडी पिठाच्या डब्यात ठेवायचे. असो. सप्टेंबर आहे, एल्कचे, म्हणजे त्या मोठ्या हरणांचे, नर माजावर असतात, त्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही! 30 मीटर लांब राहायचं, म्हणजे पीएमपीच्या तीन बस एकामागे एक. अस्वल, लांडगा दिसला तर 100 मीटर, म्हणजे दहा बस. (एवढ्या एकदम स्वारगेटलाही येत नाहीत.) मी एकदा फोटोसाठी दीड बसवर गेलो होतो. त्याने शिंगं खाली घातली आणि मला गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालायला लावल्या. ही आत बसून हसत होती.

प्रेषक: मिलिंद
काका, तो मूस असणार, एल्कपेक्षाही मोठं हरीण.

प्रेषक: भाऊकाका
मागून पिवळट-पांढरा होता. एल्कच. मूस मला कळतो.

प्रेषक: श्रीपाद
प्राणी बघायचे तर मलीन लेकच्या रस्त्याला उजाडायच्या आत लागायचं. मिसळ खाऊन नऊला निघालात तर फक्त दुसऱ्यांच्या गाड्या दिसतील. मिसळ संध्याकाळी ठेवा.

प्रेषक: अनघा
संध्याकाळी पिठलं-भात आहे. ठरलंय.

प्रेषक: सुलभा
भाचा म्हणतोय, अस्वलाचा स्प्रे इकडूनच घेऊन जा, स्वस्त पडेल. आणू का?

प्रेषक: मिलिंद
नको! विमानात चालत नाही, सामानातसुद्धा नाही. कॅल्गरीत मिळतो. आणि तो अस्वल अंगावर आलं तर त्याच्या दिशेने मारायचा असतो, ओडोमाससारखा अंगाला लावायचा नाही. तंबूवर तर मारूच नका, वाळल्यावर त्याच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात. मागे एकांनी मारला होता, नाव घेत नाही.

प्रेषक: श्रीपाद
फक्त चाचणी घेतली होती.

प्रेषक: सुलभा
बरं. मसाला दळून आणलाय, अख्खं घर शिंकतंय. अनघा, मटकी तुझ्याकडेच भिजव, कॅल्गरीतून निघताना मोड आलेली कूलरमध्ये भर. फडकं मी आणते.

प्रेषक: अनघा
फडकी आहेत माझ्याकडे.