मदत हवी आहे: कयाकमागे ओढायचं तरंगतं पिंप, वायसरमधून पाणी शिरतंय

मंडळी,

दिवाळीनंतर तापोळ्याच्या बाजूने कोयनेच्या बॅकवॉटरला कयाक (वल्ह्यांनी चालवायची छोटी, अरुंद होडी) घेऊन जायचा बेत आहे. मुक्काम ओळखीच्यांच्या शेतात, पाण्याच्या कडेला. कयाक हवा भरायची आहे; दोघं बसलो की तंबू, अंथरूण, शिधा, स्टोव्ह ठेवायला जागाच उरत नाही. तयार ड्राय बॅगा (पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या) आहेत, पण स्टोव्हच्या कडांनी त्यांना भोकं पडतात. म्हणून सामान एका पिंपात भरून मागे ओढत न्यायचं ठरवलंय.

भंगारवाल्याकडून ३० लिटरचं निळं पिंप आणलं. अख्खं तोंड उघडणारं, झाकणावर लोखंडी क्लॅम्प. आधी आत काय होतं ते लेबलवर वाचता येईल असंच घेतलं, लेबल खरवडलेली निम्म्या भावात होती तरी. सामान १४ किलो, पिंप दोनेक किलो, म्हणजे ३० पैकी १६ लिटर इतकाच भाग पाण्याखाली. बुडायची भीती नाही. सहा इंची पीव्हीसी पाइपचाही विचार केला होता, पण मीटरभर लांबीत जेमतेम १८ लिटर मावतात आणि तंबूची पिशवी आत जाता जात नाही. नाद सोडला.

आता अडचण. घरी टबात दाबून धरलं तर पिंप कोरडं राहतं. पण दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवून मग पाण्यात घातलं की तळाला वाटीभर पाणी! झाकण उघडताना फस्स आवाज होतो, म्हणजे हवा आत ओढली जातेय. वायसर बदलला, फरक शून्य.

दुसरं म्हणजे गावच्या तळ्यात ओढून पाहिलं तर पिंप गरागरा फिरतं आणि दोराला पीळ बसतो. वजन तळाला ठेवलं तरी तेच. तिकडे वासोटा किल्ल्याच्या लाँची ये-जा करतात, त्यामुळे दोर किती लांब ठेवावा हेही सांगा. कुणी असलं काही घरी बनवलंय का?

---

काठावरचा: वायसर बिचारा निर्दोष आहे. आतली हवा ५० अंशांवरून २५ वर आली की पंधरा लिटरमागे लिटरभर आक्रसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी खेचते. सामान ड्राय बॅगांत भरून पिंपात कोंबा, पिंप सावलीत पाण्यात गार होऊ द्या आणि मगच क्लॅम्प लावा. वायसरला सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन लावायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. साधं रबर त्याने फुगतं.

नावाडी_नाही: अहो, गोल वस्तू ओढली की फिरणारच! १५ लिटरची दोन पिंपं घ्या, मध्ये हातभर अंतर ठेवून वरून दोन आडवे बांबू बांधा. भोपळ्यांची सांगड असायची तसं. दोर एका टोकाला नको, दोन्ही पिंपांच्या पुढून घेऊन मध्ये जोडा. पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो; नायलॉन बुडतो आणि झाडाच्या खुंटांत अडकतो. कंबरेला कधीच बांधू नका, एका झटक्यात सुटेल अशी सुरगाठ कयाकला. आणि लाँचीच्या वाटेवर ओढूच नका, सांगड जवळ घेऊन कयाकला टेकवून न्या. दुपारनंतर वारा सुटतो, त्यामुळे सकाळी लवकर पाणी ओलांडलेलं बरं.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. ग्रीस आजच आणतो, पिंपं रविवारी बघतो. बांबूला भोकं पाडून बोल्ट मारू का?

नावाडी_नाही: भोकं नकोत, बांबू चिरतो. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब घ्या, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि ताणून आवळा. नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते, ट्यूब पडत नाही. पट्ट्या मात्र जास्तीच्या घेऊन जा.