मदत हवी आहे: सायकल कॅरिअरवरच्या ब्रेक लाइटसाठी रिले आणि कटऑफ स्विच

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, मागचे सगळे दिवे साध्या बल्बचे. पावसाळ्यात मागच्या दारावर दोन सायकली बांधून आम्ही मुलुंडहून लोणावळ्याकडे जातो. सायकली चढवल्या की काचेतला मधला ब्रेक लाइट झाकला जातो आणि बाजूच्या दिव्यांपुढे चाकं येतात. खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलेलं असताना मी ब्रेक मारलाय हे मागच्याला वेळेत दिसेल का, या विचाराने पोटात गोळा येतो. म्हणून कॅरिअरवर २१ वॅटचे दोन लाल ब्रेक लाइट लावायचे आहेत.

आमच्याकडचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, "रिले-बिले कशाला, डिकीतल्या वायरला टॅप मारून देतो." मला ते पटत नाही. टॅप म्हणजे चालू वायरीलाच नवी वायर जोडणं, तर रिले म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खातो. बाजूचे दोन मिळून साडेतीन, नवे दोन धरले की सात. हा सगळा भार पेडलवरच्या त्या एवढ्याशा स्विचने सोसायचा. तो आधीच थकलाय: पेडल दाबल्यावर बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसतात आणि मागच्या बल्बच्या होल्डरला ११.३.

डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन पाहिलं. स्विचला दोनच वायरी आहेत. टेस्ट लॅम्प एका वायरीवर कायम लागतो, दुसरीवर पेडल दाबलं की. या दुसरीवरून सिग्नल घेऊन असं जोडायचं मनात आहे (आकडे रिलेच्या पिनांचे: ८५-८६ मध्ये कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, त्यातून करंट गेला की ३० आणि ८७ जोडले जातात): सिग्नल रिलेच्या ८६ ला, ८५ बॉडी अर्थला (गाडीच्या लोखंडी बॉडीला), बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे ३० ला, आणि ८७ वरून दीड चौरस मिमीची वायर दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून डिकीपर्यंत.

कॅरिअर नसताना हे सर्किट बंद ठेवायचंय, त्यासाठी डॅशबोर्डवर कटऑफ स्विच. तो ८६ च्या वाटेवर टाकू की ८७ नंतर? फ्यूज ५ अँपिअरचा पुरेल का? आणि मागे अर्थ कुठून घेऊ? काही झालं तरी गाडीच्या मूळ ब्रेक लाइटला धक्का लागता कामा नये, ही माझी पहिली अट आहे.

प्रतिसाद

ताई, रिलेचा निर्णय योग्य आहे. कटऑफ ८६ च्या वाटेवरच टाका. कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत घेते, साधा छोटा स्विचही वर्षानुवर्षं टिकेल. ८७ नंतर टाकलात तर साडेतीन अँपिअर त्यातून जातील, आणि कॅरिअर नसतानाही रिले प्रत्येक ब्रेकला टिकटिक करत राहील.

तुमच्या अटीबद्दल मात्र एक गोष्ट राहिली आहे. पेडलवरून काढलेली नवी वायर कुठे घासून बॉडीला लागली तर ब्रेकचा मूळ फ्यूज उडेल आणि मागचे सगळेच ब्रेक लाइट जातील, तुम्हाला कळणारही नाही. म्हणून टॅपला अगदी लागूनच १ अँपिअरचा इनलाइन (वायरीतच बसणारा) फ्यूज घाला. मग शॉर्ट झालं तरी तोच जाईल, गाडीचे दिवे शाबूत राहतील.

बॅटरीकडचा फ्यूज ७.५ चा घ्या, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी जास्त करंट ओढतं, ५ चा कधीतरी उगाच उडेल. कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइल सुटताना उलटा झटका मारते, त्याने पेडल स्विचचे पॉइंट काळे पडतात. डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. रिलेमध्येच डायोड असेल तर ८५-८६ ची अदलाबदल करू नका. आणि पेडलचा स्विच आधी बदला. सव्वा व्होल्ट वाटेत जाणं बरं नाही, दिवे मंद लागतात. नवा घालूनही फरक पडला नाही तर मागची अर्थ तपासा.

प्रतिसाद

अर्थ कॅरिअरच्या पाइपातून घेऊ नका. त्याचे पाय रबरावर टेकलेले असतात, बॉडीला लागतच नाहीत. डिकीच्या तळातला एखादा बोल्ट काढून रंग खरवडा, वायरीच्या टोकाला क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) लग, म्हणजे धातूची कडी, घट्ट बसवा, वरून ग्रीस. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

रिले पाच पिनचा मिळाला तर मधली पिन ८७ए आहे का बघा. तिथे वायर गेली तर पेडल सोडल्यावर दिवे लागतील आणि दाबल्यावर विझतील! ८७ वरून डॅशबोर्डवर छोटा एलईडी इंडिकेटर घ्या, म्हणजे कटऑफ चालू करायचा राहिला तर पहिल्याच ब्रेकला कळेल. बल्ब गेलेला मात्र तो दाखवणार नाही. निघण्याआधी पार्किंगच्या भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबून आरशात लाल उजेड बघून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १ अँपिअरच्या फ्यूजचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेडल स्विच आधी बदलून पुन्हा व्होल्टेज मोजते आणि आकडा इथेच टाकते. कॅरिअर काढताना वायर सुटी करायला दोन पिनचा वॉटरप्रूफ कपलर लागेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कोणी घेतला असेल तर कसा टिकला ते सांगा.