मदत हवी आहे: आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी द्यायला मन धजत नाही, पण काउंटरवर मीच असते

नमस्कार. इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, माझ्यासारखे दिवसभर काउंटरमागे उभे राहणारेही आहेत, म्हणून विचारते. ओळख पटू नये म्हणून नवा आयडी काढलाय.

मी फार्मासिस्ट आहे, सहा वर्षं झाली. धर्म मानते, आणि नुसता नावापुरता नाही. फलन झालं की जीव सुरू झाला, असं मी मानते. तेव्हा 'सोडा हो ते सगळं' हा सल्ला नको. आणि 'असल्या मुलींना धडा मिळालाच पाहिजे' हाही नको, तो मला पहिल्यापेक्षा जास्त लागतो.

मागच्या आठवड्यात रात्री मी एकटीच होते. बंद करायला वीसेक मिनिटं असतील. एक मुलगी आली, रांगेतल्या दोघांना पुढे जाऊ दिलं, मग अगदी हळू आवाजात गोळी मागितली. मी म्हटलं, "आमच्याकडे नाही मिळणार, पुढच्या दुकानात बघा." तिने विचारलं, "ते किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

मला माहीत नव्हतं.

गोळी माझ्या पाठीमागच्या खणात होती. तिला ती दिसतही असावी, कारण ती माझ्या खांद्यावरून एकदा तिकडे बघून गेली. पुढच्या गिऱ्हाइकाचे सुटे परत करताना मी दोनदा चुकले.

तर विचारायचं हे: ही गोळी गर्भ पाडते का, की मी नीट न वाचताच अडून बसलेय? मी नाही म्हटलं तर कायद्याने कुठे बसते? आणि दुसऱ्या दुकानात पाठवलं की माझी जबाबदारी संपली, असं आम्हाला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. ते खरं आहे का?

प्रतिसाद: तिसरी_ओपीडी

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

तुम्ही म्हणताय ती गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल, 1.5 मिलिग्रॅमची एक गोळी. तिचं काम स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवणं. शुक्रजंतू आत काही दिवस तग धरतात, त्यांना बीज भेटूच नये म्हणून ही धडपड. म्हणूनच 72 तासांची मुदत असली तरी जितकी लवकर घ्याल तितकी बरी. बीज बाहेर पडायचा इशारा देणारा संप्रेरकाचा उसळा एकदा सुरू झाला की ही गोळी फारशी कामाची उरत नाही. आता यावरच जरा थांबा. फलित बीजाचं गर्भाशयात रुजणं ही गोळी अडवत असती, तर बीज बाहेर पडल्यावर घेतली तरी उपयोगी पडली असती ना? तशी ती पडत नाही. उशिरा घेणाऱ्यांमध्ये दिवस राहायचे तितके राहतात, हे अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, डिसेंबर 2022 मध्ये प्लॅन बी या तिथल्या याच गोळीच्या वेष्टनावरचा रुजण्याबद्दलचा जुना उल्लेख काढून टाकला, तो याच कारणाने. आधीच दिवस गेले असतील तर गोळी त्याला धक्का लावत नाही.

दुसरी आपत्कालीन गोळी युलिप्रिस्टल, 30 मिलिग्रॅम, 120 तासांपर्यंत चालते. उसळा सुरू झाल्यावरही, तो शिखराला पोचण्याआधी, बीज थोपवू शकते. या मात्रेतही मुख्य काम तेच. तांबीचं (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) मात्र वेगळं आहे. ती प्रामुख्याने शुक्रजंतूंना निकामी करते, पण रुजणंही अडवू शकते, आणि या तिघांत सगळ्यात खात्रीची तीच. तुमच्या श्रद्धेला कुठे अडखळायचं असेल तर निदान या फरकावर अडखळू दे. गर्भपाताची औषधं, मिफेप्रिस्टोन वगैरे, हा पूर्ण वेगळा खण. लोक सर्रास एकत्र करतात. फार्मासिस्टने करू नये.

प्रतिसाद: आडवा_छेद

म्हणजे धागाकर्तीचं पाप झालंच नाही, पण पुण्यही गेलं. आणि एक विचारू? गोळी खणात असताना 'नाही मिळणार' म्हणणं, हे धर्मात कुठे बसतं?

प्रतिसाद: धागाकर्ती

@आडवा_छेद, बसत नाही. तेच रात्रभर टोचत होतं. बाकीचा टोमणा राहू द्या.

@तिसरी_ओपीडी, आभार. आम्ही शिकताना रुजण्याची ओळ पाठ केली होती, पुढे कधी उघडून बघितलं नाही. माझीच चूक.

प्रतिसाद: तारीख_पे

कायद्याचं एकच एक उत्तर नाही, देशागणिक बदलतं. तुम्ही जिथे नोकरी करता तिथले नियम तिथल्या माणसाला विचारा. पण न्यायालयांची वळणं सांगतो, विचाराला उपयोगी पडतील.

फ्रान्समधल्या दोन औषधविक्रेत्यांनी साध्या गर्भनिरोधक गोळ्या (आपत्कालीन नव्हे) चिठ्ठी असूनही नाकारल्या. दंड झाला, ते मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेले. 2001 मध्ये न्यायालयाने अर्ज दाखलच करून घेतला नाही. म्हणणं असं की, जोवर ही वस्तू चिठ्ठीवर आणि फक्त औषधाच्या दुकानातच मिळते, तोवर दुकानदाराला आपली श्रद्धा गिऱ्हाइकावर लादता येणार नाही. ती दाखवायला व्यवसायाबाहेर जागा पुष्कळ आहे.

उलट बाजू स्पेनची. सेव्हिलमधल्या एका दुकानाने आपत्कालीन गोळी ठेवली नाही आणि निरोधही ठेवले नाहीत. 2015 मध्ये घटनात्मक न्यायालयाने गोळीपुरतं औषधविक्रेत्याचं म्हणणं मान्य केलं, निरोधापुरतं नाही! शहराच्या मधोमध दुकान, जवळ इतर दुकानं, हेही त्यात धरलं. हा तपशील सोडू नका.

अमेरिकेत राज्याराज्यात फरक. वॉशिंग्टन राज्याचा 2007 चा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो: माणूस बाजूला होऊ शकतो, दुकान होऊ शकत नाही. दुसरा फार्मासिस्ट हजर असेल तर त्याने द्यावं, पण धर्माच्या कारणाने गिऱ्हाइकाला दुसरीकडे धाडणं दुकानाला चालणार नाही. 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो टिकवला, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. इलिनॉयमध्ये मात्र 2005 च्या सक्तीविरुद्ध 2012 मध्ये फार्मासिस्ट जिंकले, कारण तिथे विवेकाच्या हक्काचा जुना कायदा होता. ब्रिटनमध्ये 2017 पासून औषधव्यवसायाच्या नियामकाचं म्हणणं असं आहे की, नुसतं दुसरीकडे पाठवणं प्रत्येक वेळी पुरेसं नसतं, समोरच्या माणसाची काळजी अडता कामा नये.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असं मला वाटतं. 'पुढच्या दुकानात बघा' याला पाठवणं म्हणत नाहीत, ते कटवणं झालं.

प्रतिसाद: खणातली_चावी

मी या धंद्यात तुमच्या तिप्पट वर्षं. माझ्या हाताखाली एक जण होता, तुमच्यासारखाच, कामात सोन्यासारखा. आम्ही काय केलं ते सांगते, पटलं तर घ्या.

त्याने आल्या दिवशीच मालकाला लिहून दिलं. गिऱ्हाइकासमोर 'माझा धर्म' हा शब्द काढायचा नाही, कारण तिथे तो शब्द उपदेशच होतो, कितीही गोड बोला. त्याने "एक मिनिट हं" म्हणायचं आणि मला हाक मारायची. मग मी विचारणार: किती तास झाले, फिटची किंवा क्षयाची औषधं चालू आहेत का (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफाम्पिसिन असेल तर गोळीचा जोर कमी पडतो), दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल. हे सगळं दीड मिनिटाचं काम. तिला कळतही नसे की मागे काही ठरलंय.

आणि तो कधीही एकटा शिफ्टला नसे. हे सगळ्यात महाग पडलं, त्यालाच. बढतीला एकट्याने दुकान सांभाळावं लागतं, ती त्याने दोनदा नाकारली. मला त्याचा विचार पटत नाही आणि कधी पटला नाही. पण नाकारण्याचा भुर्दंड तो स्वतः भरत होता. तुमच्या त्या रात्रीचा भुर्दंड भरला त्या मुलीने, मुदतीतले तास घालवून.

अवांतर: पुढच्या दुकानात माल आहे का, हे फोन करून विचारायला किती वेळ लागतो, ते एकदा मोजून बघा.

प्रतिसाद: धागाकर्ती

@खणातली_चावी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. फोन लावून पाहिला, खरंच. ते दुकान माझ्याआधी अर्धा तास बंद होतं. म्हणजे त्या रात्री ती पोचली तेव्हा शटर खाली असणार.

काल मालकांशी बोलले. लिहूनही दिलं. लेव्होनॉरजेस्ट्रेलचं वाचल्यावर माझा अडसर बराच सैल झालाय, पण पूर्ण नाही, आणि काउंटरवर उभं राहून मी मनाशी वाटाघाटी करत बसणार नाही. तोवर एकटीची रात्रपाळी सोडलीय, भत्ता जाईल. मालक म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंत, गिऱ्हाईक येऊन सांगायच्या आधी." गिऱ्हाईक आलं होतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग शिफ्टचा तक्ता पुढे ओढला.

गुरुवारच्या रात्रीला अजून कुणी मिळालेलं नाही. त्या रात्री कुणी आलं तर गोळी मीच देणार आहे, तास विचारून, उलटीचं सांगून. मालकांना तसं कळवलंय.